‘ग्रॉसो मोगुल’ आणि अर्धा गठ्ठा : नाव, प्रत आणि पुरावा

एक प्रश्न विचारतो. तुमच्या हातात जुन्या कागदांचा गठ्ठा आला. तो पूर्ण आहे की अर्धा, हे कसं ओळखाल? आणि दुसरा प्रश्न. त्यातल्या एका कागदावर कोणीतरी ‘मोगल’ असं लिहून ठेवलंय. तेवढ्यावरून त्या कागदाचा मोगलांशी संबंध आहे असं म्हणाल का?

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना संशोधन पद्धतीचा पेपर आपण सगळेच पाठ करतो. प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं, बाह्य परीक्षण, अंतर्गत परीक्षण. व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. पण खरं साधन समोर आलं की नेमकं पहायचं काय, हे व्याख्येत नसतं. मी विज्ञान शाखेचा. एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलो. आमच्याकडे नमुना कुठून आला, कधी घेतला, कोणी घेतला हे लिहिल्याशिवाय प्रयोगवहीचं पान पुढे सरकत नाही. इतिहासात हीच शिस्त कशी चालते ते मला सगळ्यात नीट समजलं एका व्हायोलिनच्या रचनेमुळे. तिचं नाव ‘ग्रॉसो मोगुल’, म्हणजे ‘थोर मोगल’. रचनाकार व्हेनिसचा अंतोनियो विवाल्दी. आजची पोस्ट तिच्यावर आहे. संगीतातलं काही येत नसलं तरी चालेल, मला तरी कुठे येतं!

आधी कॉन्चेर्तो म्हणजे काय

कोकणातलं भजन ऐकलंय ना? बुवा एकटा कडवं घेतो, ते रंगवतो, ताना घेतो आणि मग सगळे मिळून धृपद उचलतात. पुन्हा बुवा, पुन्हा सगळे. विवाल्दीच्या काळातला कॉन्चेर्तो ढोबळमानाने असाच चालतो. तंतुवाद्यांचा ताफा एक ठाशीव पालुपद वाजवतो, मध्ये एकटं व्हायोलिन आपली करामत दाखवतं, मग ताफा पालुपदावर परत येतो. दर वेळी पालुपद तेच असलं तरी स्वर बदललेला असतो. असे साधारण तीन भाग असतात : जलद, संथ, जलद. (तुलना इथेच थांबवतो. दोन्हींची कुळं वेगळी आहेत.)

विवाल्दीचा जन्म ४ मार्च १६७८ चा, व्हेनिसमधला. १७०३ मध्ये तो पाद्री झाला आणि त्याच वर्षी ‘पिएता’ या संस्थेत व्हायोलिन शिकवायला लागला. पिएता म्हणजे टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था. तिथल्या मुलींचा वाद्यवृंद इतका तयार होता की तो ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. विवाल्दीने सुमारे ५०० कॉन्चेर्तो लिहिले आणि त्यातले दोनशेच्या वर एकट्या व्हायोलिनसाठी आहेत. ‘चार ऋतू’ हे त्यातले सगळ्यांना माहीत असलेले, १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले. २८ जुलै १७४१ रोजी तो व्हिएन्नात वारला, गरिबीत. त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षं त्याला जग विसरलं होतं.

‘ग्रॉसो मोगुल’ ही त्याची आधीच्या काळातली, डी मेजर स्वरातली रचना. वाजवायला अवघड. पहिल्या आणि शेवटच्या भागात ताफा थांबतो आणि व्हायोलिन एकटंच लांबलचक धावत सुटतं. या एकट्या धावेला कॅडेन्झा म्हणतात. मधला भाग अगदी वेगळा आहे. तालाचं बंधन जवळपास सुटलेलं, खाली नुसता आधाराचा स्वर, आणि वर व्हायोलिन बोलल्यासारखं गातं. आपल्या कानांना तो थेट आलाप वाटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

थोर मोगल तेव्हा होता कुठे?

मी सवचा. महाड तालुक्यात सावित्रीच्या काठाला आमचं गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे लोक ओळखतात. रायगड आमच्याच तालुक्यात. त्यामुळे ‘मोगल’ हा शब्द ऐकला की युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा वेगळंच काही माझ्या डोळ्यांसमोर येतं.

दोन कालरेषा शेजारी शेजारी मांडून बघा. वहीत खरंच मांडा, ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

१६७४ : रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. चार वर्षांनी व्हेनिसमध्ये विवाल्दी जन्मला.

१६८१ : औरंगजेब फौजफाट्यासह दक्षिणेत उतरला. विवाल्दी तीन वर्षांचा.

१६८९ : संभाजी महाराजांची हत्या झाली आणि वर्ष संपायच्या आत रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. विवाल्दी अकरा वर्षांचा.

१६९५ ते १६९९ : बादशाही छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळच्या आजच्या माचणूरला.

१७०० : साताऱ्याचा किल्ला मोगलांनी घेतला. १७०३ : सिंहगड. याच वर्षी विवाल्दी पिएतात नोकरीला लागला.

१७०७ : औरंगजेब अहमदनगरला मेला, वयाच्या ८८ व्या वर्षी. विवाल्दी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

म्हणजे विवाल्दी मोठा होत असताना, व्हायोलिन शिकत असताना, पहिल्या रचना लिहीत असताना खराखुरा ‘थोर मोगल’ दिल्लीच्या तख्तावर नव्हताच. तो महाराष्ट्रात तंबूत राहत होता आणि एकेका किल्ल्यासाठी झगडत होता.

युरोपला याचा पत्ता होता का? व्यापाऱ्यांना होता, त्यांच्या पत्रांत सगळं येत होतं. पण युरोपच्या कल्पनेतला मोगल वेगळा होता. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एक वस्तू आहे. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सोनाराने ती १७०१ ते १७०८ या वर्षांत घडवली. विषय : औरंगजेबाचा दिल्लीतला वाढदिवसाचा दरबार. सोनं, मीनाकारी, शंभराहून जास्त चिमुकल्या मूर्ती आणि हजारो हिरे. मधोमध सिंहासनावर बादशहा. डिंगलिंगर भारतात कधी आला नव्हता, प्रवासवर्णनं वाचून त्याने हे उभं केलं. सोनार ड्रेस्डेनमध्ये दिल्लीचा दरबार मांडत होता, तेव्हा दरबाराचा धनी सह्याद्रीच्या पावसात अडकला होता. काम पुरं व्हायच्या आधीच तो मेलासुद्धा.

यातून पहिला मुद्दा घ्या. साधनात एखाद्याचं नाव आलं, म्हणजे तो माणूस आला असं होत नाही. कित्येकदा त्याच्याविषयीची कल्पना आलेली असते. साधन त्या कल्पनेविषयी चांगली माहिती देतं, माणसाविषयी देईलच असं नाही.

एक रचना, चार रूपं

आता मूळ रचनेकडे. ‘ग्रॉसो मोगुल’ आज आपल्याला एकाच कागदावर मिळत नाही. वेगवेगळ्या रूपांत मिळते.

एक, विवाल्दीच्या स्वतःच्या हातची प्रत. ती इटलीतल्या तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यावर ‘ग्रॉसो मोगुल’ हे नाव नाही.

दोन, जर्मनीतल्या श्वेरीनची हस्तलिखित नक्कल. नाव आहे ते या नकलेवर. लांबलचक कॅडेन्झाही इथे लिहून काढलेले सापडतात.

तीन, छापील आवृत्ती. १७२० च्या आसपास ॲमस्टरडॅमला छापलेल्या सातव्या संग्रहातली अकरावी रचना. इथे नाव नाही, मोठे कॅडेन्झा नाहीत आणि मधला भागही वेगळाच आहे.

चार, योहान सेबास्टियन बाखने ऑर्गन या वाद्यासाठी केलेलं रूपांतर. बाख वायमारच्या दरबारात नोकरीला होता त्या काळातलं, म्हणजे १७०८ ते १७१७ मधलं, असं अभ्यासक धरतात.

आता इथे थोडं डोकं चालवू. एकोणिसाव्या शतकात विवाल्दी विस्मरणात होता, पण बाखवर मात्र जोरात काम सुरू होतं. बाखच्या कागदांत ही रचना सापडली, ती विवाल्दीवरून घेतली आहे हे कळलं. मग तुलनेला काय हाताशी? छापील आवृत्ती. छापील आवृत्तीशेजारी बाखची ठेवली की काय दिसतं? बाखकडे लांब कॅडेन्झा आहेत, विवाल्दीच्या छापील प्रतीत नाहीत. बाखकडे मधला भाग वेगळा आहे. मग सरळ निष्कर्ष कोणता निघेल? थोर बाखने साध्या विवाल्दीत भर घातली!

श्वेरीन आणि तुरीनच्या प्रती शेजारी ठेवल्या की हा निष्कर्ष कोसळतो. तो बोलल्यासारखा मधला भाग विवाल्दीचाच आहे. कॅडेन्झा विवाल्दीच्या परंपरेतल्या प्रतींत आहेत. बाखसमोर छापील पुस्तक नव्हतं, हातोहात फिरणारी नक्कल होती. विवाल्दीच्या रचनांची आज वापरली जाणारी सूची करणारे डॅनिश अभ्यासक पीटर र्‍योम यांनी १९६० च्या दशकात या रूपांची तपशीलवार तुलना केली. विवाल्दीच्या रचनांपुढे ‘आरव्ही’ आणि आकडा लिहितात ना, त्यातला ‘आर’ या र्‍योम यांचा. ‘ग्रॉसो मोगुल’ म्हणजे आरव्ही २०८. छापील रूप २०८-अ.

विज्ञानवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कंट्रोल चुकीचा निवडला, तर प्रयोग कितीही काळजीने करा, निष्कर्ष चुकतोच. छापील प्रत हे चुकीचं कंट्रोल होतं. ‘छापलंय म्हणजे तेच मूळ’ हे आपण सगळेच गृहीत धरतो. मराठी साहित्यावर काम करणाऱ्यांनो, तुकोबांच्या गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आठवा. पोथीतला पाठ आणि छापील पाठ यात फरक असतो हे आपल्याला माहीत असतं, पण सिनॉप्सिस लिहिताना मिळेल ती आवृत्ती घेऊन आपण मोकळे होतो.

आणखी एक बारीक मुद्दा. बाखचं रूपांतर १७१७ च्या आधीचं असेल, तर विवाल्दीची रचना त्याच्याही आधीची असणार. मूळ प्रतीवर तारीख नसली तरी नकलेवरून उशिरात उशिराची मर्यादा ठरवता येते. कागदावर तारीख नाही म्हणून हताश व्हायचं नाही. त्याला कोणी, कधी वापरलं ते शोधायचं.

अर्धा गठ्ठा

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तुरीनची प्रत तुरीनला आली कशी?

१९२६ साल. इटलीच्या पीडमाँट भागात बोर्गो सान मार्तिनो नावाचं गाव आहे. तिथल्या सालेशियन पाद्र्यांच्या शाळेला इमारतीच्या डागडुजीसाठी पैसे हवे होते. त्यांच्याकडे जुन्या संगीताच्या वह्या पडून होत्या, त्या विकायचं ठरलं. किंमत काय येईल हे विचारायला त्यांनी तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला लिहिलं. ग्रंथालयाचे प्रमुख लुईजी तोर्री यांनी तुरीन विद्यापीठातले संगीताच्या इतिहासाचे प्राध्यापक आल्बेर्तो जेंतिली यांना बोलावलं. पेट्या उघडल्या तर ९७ खंड निघाले. त्यातले १४ खंड विवाल्दीचे.

जेंतिली यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे गवगवा केला नाही. बातमी फुटली असती तर व्यापारी धावले असते आणि संग्रह फुटून पानापानाने विकला गेला असता. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. देणगीदार शोधायला हवा होता. रोबेर्तो फोआ नावाच्या शेअर दलालाने पैसे दिले आणि संग्रह ग्रंथालयाला दान केला. त्याचा माउरो नावाचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. संग्रह त्याच्या नावाने ठेवला गेला.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. जेंतिली यांनी खंडांची बांधणी आणि क्रम पाहिला. आतलं संगीत वाचण्याइतकंच लक्ष बाहेरच्या पुठ्ठ्याकडे दिलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की मध्ये खंड गायब आहेत. हा अर्धाच गठ्ठा आहे!

मग उरलेला अर्धा कुठे? त्यासाठी ते मालकीच्या मागे लागले. हे कागद एके काळी जाकोमो दुराझ्झो या सरदाराचे होते. तो मूळचा जेनोआचा, अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये ऑस्ट्रियाचा राजदूत होता. तिथे त्याला हा संग्रह मिळाला आणि वारसाने घराण्यात उतरत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन भावांत वाटणी झाली. आता वाटणी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे घराच्या पडवीची, फणसाच्या झाडाची आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीचीही वाटणी होते. तिकडे खंडांची झाली. एका भावाचा हिस्सा पुढे सालेशियन शाळेकडे गेला. दुसऱ्या भावाचा हिस्सा जेनोआत त्याच्या वारसाच्या घरी होता. त्याचं मन वळवायला काही वर्षं लागली. १९३० मध्ये तो अर्धाही विकत घेतला गेला. या वेळी पैसे दिले फिलिप्पो जॉर्दानो या कापड कारखानदाराने. त्याचाही रेन्झो नावाचा लहान मुलगा वारला होता. तुरीनच्या ग्रंथालयात आज हे दोन संग्रह शेजारी शेजारी आहेत : माउरो फोआ आणि रेन्झो जॉर्दानो. विवाल्दीचे एकूण २७ खंड आणि त्यात साडेचारशेच्या आसपास रचना. ‘ग्रॉसो मोगुल’ची विवाल्दीच्या हातची प्रत जॉर्दानो संग्रहात आहे, म्हणजे दुसऱ्या अर्ध्या गठ्ठ्यात. जेंतिली पहिल्याच यशावर खूश होऊन थांबले असते तर ती कदाचित आजही आपल्याला मिळाली नसती.

या गोष्टीचा शेवट गोड नाही आणि तो सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. जेंतिली ज्यू होते. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि त्यांची विद्यापीठातली जागा गेली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३९ मध्ये, सिएना शहरात संगीतकार आल्फ्रेदो कासेल्ला यांच्या पुढाकाराने विवाल्दी सप्ताह झाला. विसाव्या शतकातल्या विवाल्दीच्या पुनरागमनाची सुरुवात म्हणून त्याचा उल्लेख होतो. ज्यांनी गठ्ठा ओळखला, राखला, जोडला, त्यांना तोवर विद्यापीठाबाहेर काढलं गेलं होतं.

तुमच्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं पान असतं. ते आपण शेवटच्या रात्री, बाइंडिंगच्या दुकानात उभं राहून लिहितो. साधन आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आलं हा संशोधनाचाच भाग आहे, हे जेंतिलींची गोष्ट वाचल्यापासून मी विसरलेलो नाही.

एडिंबरामधला दुसरा मोगल

थांबा, अजून एक मोगल आहे.

अठराव्या शतकातल्या हॉलंडमधल्या एका ग्रंथविक्रेत्याच्या यादीत विवाल्दीच्या चार कॉन्चेर्तोंची नावं होती : फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि ‘इल ग्रान मोगोल’. नुसती नावं, रचना हरवलेल्या. २०१० मध्ये अँड्र्यू वूली हे संशोधक एडिंबरामधल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एका सरदार घराण्याचे कागद पहात होते. त्यात त्यांना ‘इल ग्रान मोगोल’ सापडला. हा बासरीसाठीचा कॉन्चेर्तो. कागद लॉर्ड रॉबर्ट कर या बासरी वाजवणाऱ्या तरुणाच्या मालकीचे होते. तो १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत मारला गेला.

पण दुसऱ्या व्हायोलिनचे कागद गायब होते. तो भाग भरला कुठून? तुरीनमधून! तिथे विवाल्दीचा एक बासरीचा कॉन्चेर्तो होता, मधला भाग नसलेला. वूलींना सापडलेली रचना त्याचंच आधीचं रूप निघाली. म्हणजे एडिंबराचा अपुरा कागद वाचायला तुरीनचा अपुरा कागद उपयोगी पडला. जानेवारी २०११ मध्ये ही रचना स्कॉटलंडमधल्या पर्थला वाजवली गेली. फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंड अजून बेपत्ता आहेत.

हे कागद एडिंबरात कोणी लपवून ठेवलेले नव्हते. ते सरकारी अभिलेखागारात, सर्वांना पहायला खुले होते. फक्त ‘हे काय आहे’ असं कोणी विचारलं नव्हतं. ‘नवीन साधन’ म्हणजे गुहेत सापडलेलं साधनच असं नाही. सूचीत नोंद असलेलं, पण न ओळखलेलं साधनही नवीनच.

मोह आवरायचा कसा

आता सगळ्यात अवघड भाग. वर म्हणालो होतो की ‘ग्रॉसो मोगुल’चा मधला भाग आलापासारखा वाटतो. नावात मोगल, स्वरात आलाप. मग विवाल्दीने हिंदुस्थानी संगीत ऐकलं होतं असं म्हणायचं का? काय सुंदर शोधनिबंध होईल! वर एक जबरदस्त दुवाही हाताशी आहे.

निकोलाओ मनुची. जन्म १६३८, व्हेनिसचा. लहानपणीच घर सोडून हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात नोकरी केली. १६६५ मध्ये मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत, म्हणजे पुरंदरच्या तहाच्या वेळी, तो शिवाजी महाराजांना भेटला होता. मोगलांविषयी त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्याची प्रत पॅरिसला पोचली, तिथे काट्रू नावाच्या पाद्र्याने १७०५ मध्ये त्यावरून परस्पर स्वतःचं पुस्तक छापलं. मनुची संतापला आणि त्याने दुसरी प्रत आपल्या मूळ गावी, व्हेनिसच्या सिनेटकडे पाठवली. ती आजही व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहे. म्हणजे विवाल्दीच्या शहरात, विवाल्दीच्या हयातीत, शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं मोगलांवरचं हस्तलिखित येऊन पडलं होतं!

महाडच्या माणसाला याहून मोठा मोह कोणता? रायगड ते व्हेनिस, एका उडीत.

पण पुरावा काय आहे? विवाल्दीने ते हस्तलिखित पाहिल्याचा एकही कागद नाही. हिंदुस्थानी गायक-वादक त्याने ऐकल्याची नोंद नाही. उलट त्या मधल्या भागाला प्रतीतच ‘रेचितातिव्हो’ म्हटलंय. हा त्या काळच्या इटालियन ऑपेरातला नेहमीचा प्रकार, बोलल्यासारखं गाणं. विवाल्दी स्वतः ऑपेरा लिहिणारा माणूस होता. तो प्रकार त्याने व्हायोलिनवर आणला, एवढं म्हणायला घरातलाच पुरावा पुरतो. आलापासारखं वाटतं ते आपल्या कानांना.

आणि नाव? त्यालाही जवळचं कारण सुचवता येतं. दोमेनिको लाल्ली या लेखकाने मोगल दरबाराची काल्पनिक कथा असलेला ‘इल ग्रान मोगोल’ हा ऑपेरा रचला होता. तो १७१३ मध्ये नेपल्सला झाला. पुढे १७३० मध्ये विवाल्दीनेही याच कथेवर ‘आर्जिप्पो’ लिहिला, तो प्रागला झाला. मोगलाचं नाव रंगभूमीवरून कॉन्चेर्तोला चिकटलं असावं असा काहींचा अंदाज आहे. अंदाजच, कारण नाव आहे ते नकलेवर, विवाल्दीच्या प्रतीवर नाही. ‘असावं’ आणि ‘आहे’ यातला फरक मार्गदर्शकांनी लाल पेनाने दाखवायची वाट पाहू नका. आपला आपण दाखवा.

मग मनुचीचा दुवा फेकून द्यायचा? नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘विवाल्दीवर मोगलांचा प्रभाव’ या विषयाला तो उपयोगी नाही. ‘अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये मोगलांविषयी काय माहिती उपलब्ध होती’ या विषयाला तो सोन्यासारखा आहे. साधन तेच, प्रश्न बदलला. चांगला प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर हातातल्या साधनाला देता येतं तो.

खरा, कागदोपत्री दुवा हवा असेल तर तो तंजावरला शोधा. तिथल्या मराठा दरबारात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात (१७९८ ते १८३२) पाश्चात्त्य वाद्यं आणि युरोपीय पद्धतीची स्वरलिपी पोचली होती. तंजावरच्या मोडी कागदांवर काम करायला मोडी येणारी माणसं हवी आहेत. मोडी येणारा विद्यार्थी हे वाचत असेल तर त्याने जरा थांबून विचार करावा.

आपले अर्धे गठ्ठे

रायगडावरचं शिवकालीन दफ्तर आज आपल्याकडे नाही. १६८९ मध्ये गड शत्रूकडे गेला आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले. राज्याभिषेकाच्या दिवसांविषयी तारीखवार लिहिणारा हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील होता, त्याचे कागद इंग्रजांच्या दप्तरात टिकले. विवाल्दी जसा बाखच्या कागदांतून कळला, तसं आपलंही बरंच काही परक्यांच्या कागदांतून कळतं. मग ते कागद वाचताना दर ओळीला विचारायला हवं : हा माणूस कोण, कोणासाठी लिहितोय, त्याला काय दिसत नव्हतं?

उरलेलं घराघरांत होतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून तेच गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. पण सगळे रुमाल काही मंडळात पोचले नाहीत. आमच्या भागात अजूनही पोटमाळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर बासनं आहेत. त्यांची वाटणी होते, घर पाडताना ती भंगारात जातात. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं तेव्हा माणसांनी आधी जीव वाचवले, मग धान्य. कागदांकडे बघायला कोणाला सवड होती? चिखलात गेलेलं बासन कोणत्या गठ्ठ्याचा अर्धा भाग होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. दोष कोणाचाच नाही. पण जे कोरडं राहिलंय त्याचे फोटो काढायला मोबाइल पुरतो.

तर सिनॉप्सिसला बसण्याआधी एवढं करा :

१. तुमच्या मुख्य साधनाची वंशावळ लिहा. मूळ कुठे होतं, कोणाकडून कोणाकडे गेलं, आज कुठे आहे. जिथे माहिती नाही तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका.

२. आतला मजकूर वाचण्याआधी पुठ्ठा, पृष्ठांक, शिक्के, बांधणी बघा. क्रमांक तुटतो का? तुटत असेल तर उरलेला भाग कोणाच्या वाटणीला गेला असेल?

३. शीर्षक कोणी दिलं? लेखकाने, नकलकाराने, छापणाऱ्याने की सूची करणाऱ्याने?

४. किमान दोन प्रती शेजारी ठेवा. छापील प्रत एकटी असेल तर ती एकटी आहे हे प्रबंधात लिहा.

५. सगळ्यात आवडता दुवा सगळ्यात शेवटी तपासा, आणि सगळ्यात कडक तपासा. तो आवडतो हेच त्याच्यावर संशय घ्यायला पुरेसं कारण आहे.

आणि एकदा ‘ग्रॉसो मोगुल’ ऐका. इंटरनेटवर सहज मिळतो, पंधरा मिनिटांच्या आसपासचा आहे. आधी बाखचा ऑर्गनवरचा ऐका, मग विवाल्दीचा व्हायोलिनवरचा. मधला भाग आला की डोळे मिटा आणि आलाप खुशाल ऐका. कानाला मनाई नाही. फक्त तो प्रबंधात लिहायच्या आधी प्रत कोणाच्या हातची आहे ते बघा.

पुढच्या पोस्टमध्ये मोडी शिकायला सुरुवात कशी करायची यावर बोलू. तोवर घरी जुनं बासन असेल तर त्याचा पहिला फोटो काढून ठेवा, आणि फोटोच्या नावात तारीख टाकायला विसरू नका.